सेकंडहँड डोमेन: नाव विकत मिळतं, पण त्याच्यासोबत काय काय येतं?

(भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय, फक्त मध्येच भुंकणारा शेजारचा कुत्रा काढलाय.)

किहीमहून बोलतेय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येईल, तो चालवून घ्या.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. इन्स्टावर एक रील फिरतेय ना, 'हजार रुपयांत डोमेन घ्या, लाखात विका'. त्यावरून मेसेज आले की ताई, तू हे काम करतेस ना, मग सांग, खरंच असं होतं का? तर होतं. पण रीलमध्ये दाखवतात तसं नाही. आणि त्यात एक गोष्ट आहे जी कोणी बोलतच नाही. विकत घेतलेलं जुनं नाव रिकामं नसतं. त्यात आधी कोणीतरी राहून गेलेलं असतं.

आधी पटकन, ज्यांना डोमेन म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी. वेबसाइटचा पत्ता, अमुक डॉट कॉम, तमुक डॉट इन, हे डोमेन. ते कोणी कायमचं विकत घेत नाही. आपण वर्षाच्या बोलीने घेतो, डॉट कॉमला साधारण हजार-बाराशे रुपये वर्षाला, आणि दर वर्षी पैसे भरत राहायचे. जमिनीचा सातबारा डोळ्यासमोर आणू नका. दुकानाचा गाळा भाड्याने घेतलाय असं समजा. भाडं थांबलं की गाळा दुसऱ्याला.

पण लगेच नाही हं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. डॉट कॉमचं नाव संपलं की सहसा पुढचे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, जुना मालक नेहमीच्या दरात ते परत चालू करू शकतो. त्यानंतर ३० दिवसांचा एक काळ असतो. त्यातही नाव परत मिळतं, पण मोठा दंड भरून. आणि मग शेवटचे ५ दिवस. या पाच दिवसांत कोणीच काही करू शकत नाही, मालकसुद्धा नाही. पाच दिवस संपले की नाव सुटतं, आणि जो पहिला पकडेल त्याचं. हे 'पहिला पकडेल' म्हणजे तुम्ही मोबाइल घेऊन बसलात आणि बटण दाबलं, असं नव्हे. ते काम कंपन्यांची यंत्रं करतात. आपण आधी त्यांच्याकडे नोंद करून ठेवायची, त्याला बॅकऑर्डर म्हणतात. एकाच नावावर दोघातिघांची नोंद असली तर त्यांच्यात लिलाव.

बऱ्याचदा तर नाव सुटण्याआधीच, जिथे नोंदवलं होतं तीच कंपनी त्याचा लिलाव काढते. म्हणजे शेवटच्या पाच दिवसांपर्यंत पोचतात ती उरलीसुरली नावं. मासळी बाजारात दुपारी बारा वाजता गेल्यासारखं. पापलेट, सुरमई केव्हाच गेलेली असते. पण बांगडा चांगला असला तर काय वाईट आहे?

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं नाव कोणी विसरतं का? मायक्रोसॉफ्ट विसरली होती! १९९९ चा डिसेंबर. पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायचे राहिले, आणि ऐन नाताळात हॉटमेलवाल्या लोकांना लॉगिन होईना. हॉटमेल म्हणजे आपल्या सबीर भाटियांनी जोडीदारासोबत सुरू केलेली आणि मग मायक्रोसॉफ्टने घेतलेली मेल सेवा. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आलं की भानगड काय आहे. त्याने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून टाकले. नाव पळवलं नाही, नुसते पैसे भरले. जगातली सगळ्यात श्रीमंत कंपनी, आणि तिचं बिल एका अनोळखी माणसाने भरलं. मला ही गोष्ट फार आवडते.

बरं, आता किहीमकडे येऊ, कारण माझा धंदा इथला आहे.

तुम्ही मुंबईहून रो-रोने मांडव्याला उतरलात, तर किहीमला येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. कॉटेज, होमस्टे, व्हिला, 'घरगुती जेवण मिळेल'. मार्च २०२० मध्ये रो-रो सुरू झाली, गाडी बोटीत घालून येता यायला लागलं, तेव्हापासून तर पाट्यांना ऊतच आलाय. आणि जवळजवळ प्रत्येक पाटीमागे कधी ना कधी एक वेबसाइट होती. भाच्याने करून दिलेली, पुण्यातल्या कोणा ओळखीच्या मुलाने बनवलेली. मग इन्स्टा आलं, बुकिंगची अ‍ॅप आली, वेबसाइटकडे कोणी बघेना. पैसे भरण्याची आठवण करून देणारा मेल येतो तो त्या भाच्याच्या जुन्या आयडीवर. भाचा गेला दुबईला. झालं, नाव सुटलं.

मी रोज सकाळी चहासोबत सुटणाऱ्या नावांची यादी बघते. ती जाहीरच असते, त्यात चोरीछुपे काही नाही. मी आपल्या किनाऱ्याचे शब्द टाकून गाळते. आणि इथे एक गंमत आहे, स्पेलिंगची. अलिबाग इंग्रजीत कसं लिहाल? शेवटी बी-ए-जी की बी-ए-यू-जी? दोन्ही चालतात, एकाच रस्त्यावरच्या दोन पाट्यांवर दोन्ही दिसतील. त्यामुळे अलिबागच्या प्रत्येक नावाची दोन डोमेन. एक धंदेवाल्याने घेतलेलं असतं, दुसरं मोकळं. नागावचं अजून वेगळं. आपलं नागाव इंग्रजीत लिहिलं की आसाममधल्या नगांव जिल्ह्यासारखंच दिसतं, आणि तो अख्खा जिल्हा आहे, तेव्हा गूगलवर आपण मागे. मुरूड तर विचारूच नका. एक आपलं जंजिऱ्याचं, एक दापोलीकडचं, एक लातूरमधलं. यामुळे किहीम मला आवडतं. सरळ, छोटं, आणि जगात दुसरं किहीम माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अशी गावाची किंवा वस्तूची साधी नावं घेण्यात काही गैर नाही. किहीम, बीच, नारळ, कांदा, हे शब्द कोणाच्या बापाचे नाहीत. पण तिथेही जरा बघून. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय मिळालाय. म्हणजे ते नाव लावून उद्या कोणी दुसरीकडचा कांदा विकायला लागलं तर ते चालणार नाही, डोमेन तुमच्या खात्यात असलं तरी.

आणि दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घेऊन बसाल तर सरळ कायदा आड येतो. आपल्याकडे याचा वेगळा कायदा नाही, ट्रेडमार्कच्या कायद्यानेच बघतात, पण कोर्टाचे निकाल स्पष्ट आहेत. आपल्या मुंबई हायकोर्टातलंच प्रकरण घ्या. १९९९ साली रेडिफ विरुद्ध सायबरबूथ. समोरच्यांनी 'रेडिफ' ऐवजी 'रॅडिफ' असं, एकाच अक्षराचा फरक असलेलं नाव घेतलं होतं. कोर्टाने ते वापरायला मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, असा त्याचा अर्थ. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिफीच्या प्रकरणात तेच सांगितलं. समोरच्याने सिफीत एक 'एफ' वाढवला होता, बस.

तुम्हाला आठवणारं उदाहरण म्हणजे जिओहॉटस्टार. दिल्लीच्या एका डेव्हलपरने २०२३ मध्येच अंदाज बांधून ते नाव घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने साइटवर पत्र टाकलं की माझी केंब्रिजची फी भरा आणि नाव घ्या. कंपनीने नकार दिला आणि वर कायदेशीर कारवाईचं सांगितलं, असं त्यानेच तिथे लिहिलं. पुढे ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालंच. त्या मुलाचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता, तरी त्याचा अंदाज हा त्याचा हक्क ठरला नाही. रीलवाले हे सांगत नाहीत.

ठीक आहे. ब्रँड मोठा असला की त्याच्यामागे वकील असतात. पण नाव लहान माणसाचं असलं तर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. यादीत एक नाव दिसलं. आमच्याच गावातल्या एका होमस्टेचं, घराण्याच्या आडनावासकट. नाव सांगत नाही. शेवटचे पाच दिवस चालू होते. मी त्या घरातल्या वहिनींना फोन केला. त्यांना काही पत्ताच नव्हता. साइट दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेली, खातं त्याच्या नावावर, त्याचा नंबर लागेना. लागला असता तरी त्या पाच दिवसांत काही करता येत नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, मी नोंद टाकतेय, बघू.

मला वाटलं एकटीच असेन. छे! लिलाव लागला. चौदाशेपासून सुरू झालं आणि समोरचा सोडेचना. मी विचारात पडले, किहीमच्या चार खोल्यांच्या होमस्टेसाठी हा कोण एवढा जीव टाकतोय? ६,८०० ला मला मिळालं.

तिसऱ्या दिवशी मेल. इंग्रजीत, गोड भाषा. ४५,००० देतो, आजच. मी विचारलं काय करणार? म्हणाला, जुनी साइट जशीच्या तशी परत उभी करणार, फोटो आणि मजकूर आर्काइव्हमधून घेऊ, तुम्हाला काही त्रास नाही.

आता हे कळायला वेळ लागत नाही. तुमच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतीलच असे मेसेज. नाताळात, मेमध्ये, कोकणातल्या कॉटेजची खोटी साइट. खरे फोटो, खरं नाव, खरा नकाशा, फक्त खाली पैसे पाठवायचा नंबर दुसऱ्याचा. लोक अर्धे पैसे आगाऊ भरतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन रात्री दहाला फाटकाशी उभे राहतात, आणि आतून कोणीतरी कंदिलासारखा टॉर्च घेऊन येतं आणि म्हणतं, कोण तुम्ही? खोट्या साइटला सगळ्यात अवघड काय असतं, तर विश्वास. आणि जुनं डोमेन म्हणजे दहा वर्षं साठवलेला विश्वास! जुन्या ब्लॉगांमध्ये त्याचा दुवा असतो, प्रवासाच्या साइटवर परीक्षणं असतात, कोणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं असतं. त्या माणसाला किहीमशी काहीही देणंघेणं नव्हतं. त्याला हा साठा हवा होता. फसवणारच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण सरळ काम असतं तर दुसऱ्याचे फोटो कशाला लागले असते?

मी नाही म्हणून कळवलं. पुढच्या मेलमध्ये ६०,००० झाले. मग उत्तरच दिलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. मी वहिनींकडे गेले की नाव मिळालंय, घेऊन टाका. त्या तयार होत्या. सासरे ओट्यावर बसलेले, ते म्हणाले, "घर आमचं, आडनाव आमचं, आणि पैसे हिला का?" मला राग नाही आला. मुद्दा बरोबरच आहे त्यांचा. मी म्हटलं, आजोबा, तुमच्या नावावर दुसरा कोणी बसला असता, त्याच्याकडून सोडवून आणायला मला खर्च आला. ते म्हणाले, मग कोर्टात जाऊ. जा की! डॉट कॉमसाठी १९९९ पासून तक्रारीची एक पद्धत आहे. समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतलंय हे दाखवावं लागतं. एका पंचाची फी वायपोकडे १,५०० डॉलर. डॉट इनसाठी निक्सीची अशीच लवादाची पद्धत आहे. सव्वा लाखाच्या वर फी भरून चार खोल्यांचा होमस्टे डॉट कॉम सोडवणार? आणि मुळात नोंदवलेला ट्रेडमार्कही नाही त्यांच्याकडे. हक्क कागदावर असतो, पण तो वापरायची ताकद लागते.

शेवटी ६,८०० लिलावाचे आणि १,५०० माझ्या कामाचे, असे घेतले. हो, घेतले. मी काही धर्मादाय संस्था उघडलेली नाही. काहींना वाटेल फुकट द्यायला हवं होतं, काहींना वाटेल ६०,००० सोडले, वेडी आहे. दोघांनीही मला मेसेज करू नका. हा दर मी आता ठरवूनच टाकलाय. ज्याच्या घराचं, दुकानाचं नाव आहे त्याला खर्च अधिक १,५००. बाकी साधी नावं, बाजारभाव.

अजून एक. नाव माझ्याकडे असताना मी त्याच्यावरचा मेल चालू केला नाही. हे नीट ऐका. डोमेन तुमच्या हातात आलं की त्या नावावर येणारे सगळे मेल तुम्ही उघडू शकता. जुन्या मालकाने त्याच मेल आयडीवरून बँकेत, बुकिंगच्या साइटवर, फेसबुकवर खाती उघडलेली असतील, तर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की दुवा तुमच्याकडे येणार. म्हणून तुमच्या घरचा कोणताही धंदा असो, वेबसाइट बंद करा हवं तर, पण तिच्या मेलवर खाती असतील तर ती आधी हलवा, आणि तोवर डोमेनचे पैसे भरत राहा. वर्षाला हजार रुपये.

आणि खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा. वहिनींचं तेच केलं. डॉट कॉमचं नाव नव्याने नोंदलं की साधारण ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, पण त्याच कंपनीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाच मिनिटांत जातं. वहिनींच्या फोनवर खातं उघडलं, ओटीपी त्यांच्याच नंबरवर, नाव ढकललं. आजोबा म्हणाले, एवढंच? एवढंच.

आता ज्यांना हा धंदा करायचाच आहे त्यांच्यासाठी. नाव घेण्याआधी वेबॅक मशीनवर त्याचा इतिहास बघा. १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत, फुकट आहे. मधल्या दोन वर्षांत तिथे अचानक चिनी अक्षरं किंवा जुगाराची पानं दिसली, तर सोडून द्या, ते नाव कोणीतरी आधीच वापरून चोथा करून टाकलंय. मग गूगलमध्ये ते नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा, कोण त्याच्याबद्दल काय बोलतंय ते कळतं. मग सरकारच्या ट्रेडमार्कच्या साइटवर शोधा. आणि शेवटी, जमलं तर, जुन्या मालकाला फोन.

एक वर्ग असा आहे जो जुनं नाव घेतो, त्यावर भलताच मजकूर टाकतो आणि जुन्या पुण्याईवर गूगलमध्ये वर येतो. गूगलने मार्च २०२४ मध्ये याला स्पॅमच्या धोरणात वेगळं नाव देऊन बंदी घातली. तेव्हा कोणी तुम्हाला 'ताकदवान जुनं डोमेन' म्हणून काही विकत असेल तर समजून जा, तो त्याच्याकडचा शिळा माल काढतोय.

पैशाचं विचारलंत ना? सांगते. माझ्याकडे आत्ता ३१ नावं आहेत. वर्षाचे साधारण ३५,००० नुसते चालू ठेवायला. गेल्या वर्षी चार विकली गेली, सगळी मिळून ५८,०००. त्यातून घेतल्याची किंमत वजा करा. म्हणजे स्कूटीचं पेट्रोल आणि या पॉडकास्टचा माइक. चॅट डॉट कॉमसारखं नाव १.५५ कोटी डॉलरला घेतल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, पण ते घेणारे हबस्पॉटचे धर्मेश शाह आहेत, चोंढी नाक्यावरची मी नव्हे.

आमच्या किहीमला सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. त्यांच्या लक्षात आलं की नर अर्धवट घरटी बांधून ठेवतो, मादी येऊन आतून तपासते, पटलं तरच राहते. बाकीची लटकत राहतात. माझी ३१ नावं सध्या तशी लटकलेली आहेत.

एक प्रश्न राहिला. डोंबिवलीच्या एका श्रोत्याने विचारलंय, मराठीत डोमेन घेता येतं का? येतं. डॉट भारत, देवनागरीत, ऑगस्ट २०१४ पासून. टाइप करायला लोक कंटाळतात, काही अ‍ॅपमध्ये दुव्याची विचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात, म्हणून फार चालत नाही. पण अलिबागच्या त्या स्पेलिंगच्या भांडणातून सुटका होते हे मात्र खरं.

आणि ज्यांची अशा खोट्या बुकिंगमध्ये फसवणूक झालीय त्यांनी १९३० वर लगेच फोन करा. लगेच म्हणजे त्याच तासात, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. मागच्या भागाखाली दोघांनी विचारलं होतं म्हणून सांगितलं.

चला, लाइट जाईल असं दिसतंय. पुढच्या बुधवारी भेटू.